पुसून टाकलेला मतदारसंघ तीन तास चालून बघितला : मॉन्ट्रियालच्या ‘कार्तिए’ वॉकिंग टूरचा रिव्ह्यू

तिकीट ३५ डॉलर, वेळ तीन तास, चालणं साधारण साडेतीन किलोमीटर, ग्रुपमध्ये आम्ही नऊ जण. माझ्याकडून ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे सांगते, पण मॉन्ट्रियालमध्ये राहत असाल किंवा उन्हाळ्यात फिरायला येणार असाल तर ही टूर कराच, आधी हे सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांचं काम झालं.

टूर आहे एका मतदारसंघाची. किल्ला नाही, चर्च नाही, म्युझियम नाही, मतदारसंघ, आणि तोसुद्धा आता नसलेला. कॅनडात फेडरल मतदारसंघाला सगळे ‘रायडिंग’ म्हणतात, आपल्या लोकसभेच्या सीटसारखंच. कार्तिए नावाचं रायडिंग मॉन्ट्रियालच्या मध्यात १९२५ च्या निवडणुकीपासून होतं (त्याआधी १९१७ पासून तेच जॉर्ज-एतिएन कार्तिए अशा पूर्ण नावानं होतं) आणि १९६६ च्या फेररचनेत ते काढून टाकलं, १९६८ ला त्या नावानं मतदान झालंच नाही. आजच्या कुठल्याही नकाशात ते सापडणार नाही.

मला हे बघावंसं का वाटलं ते सांगते. मी कुडाळची. आमच्या घरात लोकसभा म्हणजे राजापूर. बॅरिस्टर नाथ पै तीन वेळा तिथून गेले, मग मधु दंडवते १९७१ पासून पाच वेळा, आणि ही नावं आमच्याकडे घरातल्या माणसांसारखी घेतली जायची. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर लोकसभा गेली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं. रस्ते तेच, माणसं तीच, पण बाबा अजून बोलताना ‘आमचा राजापूर’च म्हणतात. त्यामुळे एका संध्याकाळी टूर्सची यादी चाळताना ‘नसलेल्या मतदारसंघातून फेरफटका’ असं वाचलं आणि दुसरं काही न बघता बुकिंग करून टाकलं.

सुरुवात मात्र गडबडीची झाली. कन्फर्मेशनच्या मेलमध्ये भेटायची जागा एक आणि आदल्या रात्री आलेल्या मेसेजमध्ये दुसरी, मी मेट्रो स्टेशनच्या दारात उभी आणि बाकीचे सगळे पार्क अव्हेन्यूवर पुतळ्यापाशी, फोन लागेना, शेवटी धावत गेले तेव्हा पहिली दहा मिनिटं गेलेली. ज्यांनी बुकिंग घेतलं त्यांना नंतर लिहिलं, त्यांनी सॉरी म्हटलं, पण एवढं साधं काम नीट व्हायला हवं होतं, विशेषतः वयस्कर लोक येत असतील तर. अर्धा स्टार इथे गेला.

पुतळा म्हणजे माउंट रॉयलच्या पायथ्याशी असलेलं कार्तिएचं मोठं स्मारक, वर पंख पसरलेली देवता, खाली सिंह, उन्हाळ्यात रविवारी इथेच ढोल वाजवायला पोरं जमतात. कॅनडा हा देश १८६७ ला बांधला गेला त्यात क्वेबेकच्या, म्हणजे मॉन्ट्रियाल ज्या प्रांतात आहे त्याच्या, बाजूनं सगळ्यात मोठा वाटा या जॉर्ज-एतिएन कार्तिएचा. आमच्या गाइडनं तिथेच सांगितलेली गोष्ट मला फार आवडली : ज्याच्या नावानं पुढे मॉन्ट्रियालमध्ये मतदारसंघ झाला त्यालाच मॉन्ट्रियालनं १८७२ ला पाडलं होतं! मॉन्ट्रियाल ईस्टमधून पडला, मग लांब मॅनिटोबातल्या प्रोव्हेंशे मतदारसंघात तिथला बंडखोर पुढारी लुई रिएल बाजूला झाला म्हणून बिनविरोध निवडून आला, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वारला.

गाइडबद्दल लिहायलाच हवं. सत्तरीच्या पुढचे, निवृत्त शाळामास्तर, इथेच लहानाचे मोठे झालेले, घरात यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा), रस्त्यावर फ्रेंच आणि शाळेत इंग्लिश. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लॅमिनेट केलेला नकाशा आणि एक जुना बिस्किटाचा डबा. डब्याचं पुढे येतंच. माइक वगैरे काही नाही आणि बोलतात हळू, त्यामुळे सेंट लॉरेंटवर ५५ नंबरची बस बाजूनं गेली की अर्धं वाक्य बसबरोबर जायचं. उरलेला अर्धा स्टार या माइकसाठी. एवढ्या चांगल्या माणसाला एक छोटा स्पीकर द्या हो कोणीतरी.

पुतळ्यापासून डुलुथ रस्त्यानं सेंट लॉरेंटवर आलो. इथले लोक या रस्त्याला ‘द मेन’ म्हणतात, शहराचा पूर्व आणि पश्चिम भाग इथून मोजतात, घरांचे नंबरसुद्धा दोन्ही बाजूंना इथूनच सुरू होतात. बंदरावर उतरलेली माणसं याच रस्त्यानं वर सरकत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून, म्हणजे रशिया, पोलंड, रोमानियातून आलेले ज्यू हजारोंनी इथे राहिले, आणि पोटासाठी बहुतेकांनी एकच धंदा धरला, कपडे शिवायचा. डुलुथच्या कोपऱ्यावर मान वर करून बघितलं तर उंच विटांच्या इमारती आहेत, मोठमोठ्या खिडक्यांच्या. आज तिथे ऑफिसं, स्टुडिओ वगैरे आहेत, तेव्हा मजल्या-मजल्यावर शिलाई मशिनी होत्या. खिडक्या एवढ्या मोठ्या कशाला, तर सुईत दोरा ओवायला उजेड हवा म्हणून. गिरणगाव ज्यांनी बघितलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. १९३७ च्या एप्रिलमध्ये इथल्या ड्रेस शिवणाऱ्या पाच हजारांच्या आसपास कामगारांनी, त्यात बहुतेक बायका, ज्यू आणि फ्रेंच दोन्ही, तीन आठवड्यांहून जास्त संप केला आणि तो जिंकला. लेया रोबॅक ही त्यातली मोठी कार्यकर्ती, यिडिश, फ्रेंच, इंग्लिश सगळ्यात बोलायची त्यामुळे दोन्हीकडच्या बायकांशी तिचं जमायचं.

तर अशा वस्तीचा हा मतदारसंघ. आता एक गोष्ट मला टूरआधी अजिबात माहीत नव्हती : कार्तिएतून १९२५ ते १९६८ जे सहा जण खासदार झाले ते सगळेच्या सगळे ज्यू होते. सॅम जेकब्स, पीटर बर्कोविच, फ्रेड रोझ, मॉरिस हार्ट, लिऑन क्रेस्टोल, मिल्टन क्लाइन. जेकब्स वकील, १९१७ पासून १९३८ ला वारेपर्यंत खासदार, शिवाय शेवटची चार वर्षं कॅनेडियन ज्यूइश काँग्रेसचे अध्यक्ष. ज्या क्वेबेकमध्ये १८०७ ला इझिकेल हार्ट नावाचा ज्यू माणूस त्रुआ-रिव्हिएरमधून निवडून आला तर त्याला सभागृहात बसूच दिलं नव्हतं, त्याच क्वेबेकमध्ये शंभर वर्षांनी ही सीट त्या लोकांची हक्काची झाली. गाइड हे सांगताना थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, माझ्या आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण मतदानाच्या दिवशी ती ठेवणीतला कोट घालायची.

मग सेंट अर्बेन रस्त्यावर बॅरन बिंग शाळेच्या इमारतीपाशी आलो. १९२१ ला सुरू झालेली, १९८० ला बंद पडलेली हायस्कूल. प्रोटेस्टंट बोर्डाची शाळा पण एके काळी वर्गात जवळपास सगळी ज्यू मुलं. इथे पायऱ्यांवर आम्हाला बसवलं आणि तो बिस्किटाचा डबा उघडला, आणि पुढची वीस मिनिटं म्हणजे या टूरचा जीव आहे, ३५ डॉलर तिथेच वसूल.

डब्यात बटणं होती. कोटाची मोठी काळी बटणं, चार भोकांची, वस्तीतल्या शिवणकारखान्यातली. गुडघ्यावर रुमाल पसरला आणि एक बटण म्हणजे साधारण हजार मतं असं सांगून चार रांगा लावल्या. सहा, सहा, चार, तीन. ही ९ ऑगस्ट १९४३ ची कार्तिएची पोटनिवडणूक. बर्कोविच १९४२ च्या डिसेंबरमध्ये वारले म्हणून लागलेली.

तीनची रांग डेव्हिड लुईसची. याच बॅरन बिंगचा विद्यार्थी, पोलंडच्या बाजूच्या एका गावातून १९२१ ला बारा वर्षांचा असताना आलेला, ऱ्होड्स स्कॉलर, समाजवादी सीसीएफ पक्षाचा राष्ट्रीय सेक्रेटरी. चारची लिबरल पक्षाच्या लॅझरस फिलिप्सची, मोठे वकील. ही सीट लिबरलांची पिढीजात, आणि आली तिसऱ्या नंबरवर. सहाच्या दोन रांगांपैकी एक पॉल मासेची, ब्लॉक पॉप्युलेअर नावाच्या फ्रेंच राष्ट्रवादी पक्षाचा, सक्तीच्या सैन्यभरतीच्या विरोधात. १९४२ च्या एप्रिलमध्ये सैन्यभरतीवर देशभर कौल घेतला होता आणि क्वेबेकनं दणकून नाही म्हटलं होतं, तो राग सगळा मासेच्या मागे. आणि दुसरी सहाची रांग फ्रेड रोझची. लुब्लिनमध्ये जन्मलेला, धंद्यानं इलेक्ट्रिशियन, युनियनचा माणूस, आणि कम्युनिस्ट. १९३५ ला इथेच उभा राहून पडलेला.

आता विचार करा, क्वेबेकमध्ये तेव्हा प्रांताचा प्रीमियर (आपल्याकडचा मुख्यमंत्री) असताना द्युप्लेसीनं १९३७ ला केलेला पॅडलॉक कायदा पुस्तकात आहे, म्हणजे कम्युनिस्ट प्रचार होतो असा संशय आला तरी पोलिस तुमच्या घराला, दुकानाला वर्षभर कुलूप ठोकू शकतात (हा कायदा सुप्रीम कोर्टानं १९५७ ला रद्द केला), देशात कम्युनिस्ट पक्षावर बंदी आहे, आणि अशा वेळी हा माणूस उघड उभा राहतो आणि दीडशेच्या आसपास मतांनी निवडून येतो! का आला? गाइडनी प्रश्न आम्हालाच विचारला. एक मुलगी म्हणाली स्टालिनग्राड. बरोबर, त्याच फेब्रुवारीत तिथे जर्मन हरले होते, आणि ज्यांची मावशी, काका, चुलतभाऊ पोलंडमध्ये अडकलेत त्यांच्यासाठी रेड आर्मी म्हणजे त्या माणसांपर्यंत पोचू शकणारी एकच फौज. पण मला बटणांनी जे दाखवलं ते जास्त पटलं. त्यांनी फिलिप्सची चार बटणं उचलून लुईसच्या तीनवर ठेवली, सात झाली. मग परत जागेवर ठेवली. बोलले काहीच नाहीत. तीस टक्के मतांवर सीट गेली आणि उरलेले सत्तर टक्के तीन जागी फुटले, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. ती चार काळी बटणं वर जाऊन परत खाली आलेली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

त्याच दिवशी आणखी तीन ठिकाणी पोटनिवडणुका होत्या आणि लिबरल चारही हरले. पंतप्रधान मॅकेन्झी किंगचं सरकार डावीकडच्या वाऱ्यानं हललं ते त्या दिवशी.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत असते किंवा गुगल केलं की पहिली तीच येते. १९४५ ला रोझ परत निवडून आला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला ओटावातल्या सोव्हिएत दूतावासातला सायफर क्लार्क (सांकेतिक संदेश लिहिणारा-वाचणारा कारकून) इगोर गुझेन्को शंभरावर कागद घेऊन बाहेर पडला, सुरुवातीला त्याच्यावर कोणी विश्वाससुद्धा ठेवेना, आणि त्या कागदांत रोझचं नाव निघालं. १४ मार्च १९४६, संसदेचं अधिवेशन सुरू झालं त्याच दिवशी रात्री त्याला अटक. आरडीएक्स या स्फोटकाची माहिती मॅकगिल विद्यापीठातल्या रेमंड बॉयरकडून सोव्हिएतांकडे गेली, त्या कटात दोषी ठरला, सहा वर्षांची शिक्षा. ३० जानेवारी १९४७ ला संसदेनं त्याची जागा रिकामी केली. १९५१ ला सुटला, १९५३ ला देश सोडून गेला, शेवटी पोलंडमध्ये राहिला, १९५७ ला कॅनडानं त्याचं नागरिकत्व काढून घेतलं आणि पुढच्या वर्षी कायदाच बदलला की असं कोणाचं परत होऊ नये, पण त्याला काही त्याचा उपयोग झाला नाही. १९८३ ला वॉर्सात वारला.

गाइडनं हा भाग दहा मिनिटांत संपवला आणि मला ते बरोबर वाटलं. आमच्यातल्या दोघांना अजून हेरगिरीचं ऐकायचं होतं, पण ते म्हणाले, कार्तिएत हजारो माणसं राहत होती आणि सगळे एकाच माणसाबद्दल विचारतात. मला हे पूर्ण पटलं. आपण एखाद्या गावाची ओळख तिथे झालेल्या एका खुनावरून करत नाही. त्याऐवजी त्यांनी १९४९ ची गोष्ट सांगितली, ए. एम. क्लाइन, कॅनडातला फार मोठा ज्यू कवी, त्यानं सीसीएफकडून इथे निवडणूक लढवली आणि पडला. ज्या वस्तीवर कविता लिहिल्या त्याच वस्तीत दारोदार मतं मागितली. पुढे काही वर्षांत त्यानं लिहिणंच सोडलं, घराबाहेर पडणंसुद्धा जवळपास बंद केलं. हे ऐकल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

मतदारसंघ बंद कसा झाला हा भाग मात्र उरकला, आणि माझ्यासारखीला तोच ऐकायचा होता. थोडं मी घरी येऊन वाचलं. युद्धानंतर हातात पैसे आले तसे लोक पश्चिमेकडे सरकले, स्नोडन, कोत-दे-नेज, कोत सेंट लूक, हॅम्पस्टेड. त्यांच्या रिकाम्या घरांत पोर्तुगीज, ग्रीक आले. १९६४ पर्यंत मतदारसंघांच्या सीमा खासदारच ठरवायचे, म्हणजे सत्तेतला पक्ष स्वतःच्या सोयीनं रेघा मारायचा. त्या वर्षी कायदा झाला आणि हे काम प्रत्येक प्रांतात स्वतंत्र आयोगाकडे गेलं. पहिल्याच फेरीत, १९६६ ला, कार्तिए गेलं आणि त्याचा भाग शेजारच्या रायडिंगमध्ये वाटला. म्हणजे कोणी दुष्टपणा केला नाही, चांगल्या कायद्यानं गेलं. आमच्या राजापूरसारखंच. पश्चिमेकडे माउंट रॉयल नावाचं रायडिंग मग त्या समाजाचं झालं, पिएर ट्रूडो १९६५ पासून तिथूनच निवडून यायचे.

ज्यांना असलं खोदून वाचायला आवडतं त्यांच्यासाठी : कॅनडाच्या संसदेच्या लायब्ररीची वेबसाइट आहे, त्यावर १८६७ पासूनची सगळी रायडिंग्ज, बंद पडलेलीसुद्धा, कोण कोण उभं होतं, सगळं फुकट बघता येतं. टूरच्या आधी कार्तिएचं पान एकदा बघून गेलात तर नावं ओळखीची वाटतील. आपल्याकडच्या बंद झालेल्या मतदारसंघांचं असं एका जागी नीट लावून ठेवलेलं पान असावं असं मनापासून वाटलं.

खाण्याबद्दल. टूर मेनवर श्वार्ट्झच्या समोरून जाते, १९२८ पासूनचं स्मोक्ड मीटचं दुकान, बाहेर नेहमीची लांब रांग, टूरमध्ये आत जायला वेळ नसतो. स्मोक्ड मीट म्हणजे बीफ, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा. शेवट फेअरमाउंटच्या बेगलच्या (मधे भोक असलेला गोल पाव) दुकानात होतो आणि तिकिटात एक तिळाचं बेगल येतं. मधाच्या पाण्यात उकडून लाकडाच्या भट्टीत भाजतात, फळीवरून गरम गरम खाली घसरत येतात, कागदाच्या पिशवीला हात भाजेल इतके गरम. काही लावू नका, तसंच खा. वरच्या भाजलेल्या तिळाचा वास थेट संक्रांतीचा.

काही कामाच्या गोष्टी : वाटेत टॉयलेट नाही, पार्कमध्येच जाऊन या. मेनवर सतत खोदकाम आणि नारिंगी कोन, त्यामुळे चांगले बूट घाला. गाइडच्या उजव्या हाताला चाला, डावीकडे गाड्या असतात आणि ऐकू येत नाही. पायऱ्यांवर वीस मिनिटं बसायचंय, गुडघे दुखणाऱ्यांसाठी घडीचं स्टूल मागितलं तर देतात, मी विचारून घेतलं.

ते मी विचारलं कारण पुढच्या जुलैत आईबाबा येतायत आणि त्यांच्यासाठी बुकिंग करून ठेवलंय. त्या रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं, बटणांसकट. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, “गो, मगे तो लुईस कधी निवडान इलो काय नाय?” आला, १९६२ ला, टोरोंटोच्या यॉर्क साउथमधून, आणि पुढे पक्षाचा (सीसीएफचा तोवर एनडीपी झाला होता) नेतासुद्धा झाला. बाबा म्हणाले बरा झाला. मग जरा थांबून विचारलं, यॉर्क साउथ अजून असा मा? नाही, तेही १९७९ ला गेलं.